बाहुकाच्या हातची चव

अकोल्याहून सुट्टीला आलेली भाची वेषांतर केलेल्या राजपुत्रांच्या, जादूच्या कादंबरीत बुडाली आहे. मी तिला आपली दमयंती सांगितली. विदर्भराज भीमाची लेक. परंपरेनं तिचं कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, वर्धेकाठचं कौंडिण्यपूर.

कर्कोटक नाग डसतो आणि तिचा देखणा नवरा नळ कुरूप सारथी बाहुक होतो. रूप गेलं, कसब राहिलं. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ तो एका दिवसात कुंडिनपुरात आणतो. वाटेत बेहड्याच्या झाडाची पानं-फळं अचूक सांगण्याची विद्या ऋतुपर्णाकडून मिळताच नळाच्या अंगात शिरलेला, त्याला छळणारा कली बाहेर पडतो. केवढी कल्पना! पण मला जिंकते ती दमयंती. ती रूपावर विसंबत नाही. दासी केशिनीकरवी बाहुकानं रांधलेलं मांस मागवते, चाखते आणि नळाला ओळखते. बृहदश्व ऋषी ही कथा युधिष्ठिराला ऐकवतात, ज्याला पुढे स्वतःलाच वेषांतर करून, कंक होऊन विराट राजाकडे राहायचं आहे. त्या विराटाचा मेहुणा कीचक पांडव भीमानं चिखलदऱ्याच्या दरीत फेकला, असं आपल्याकडे मानतात.

भाचीनं विचारलं, "मामा, नळ स्वतःहून नाव का सांगत नाही?" जुगारात राज्य हरलेला, झोपलेल्या बायकोला रानात सोडून गेलेला माणूस कोणत्या तोंडानं सांगेल? त्या लाजेची कादंबरी कुणीतरी आजच्या मुलांसाठी मराठीत लिहावी.