अठ्ठेचाळीस पावले

काही वर्षांपूर्वी अतिथी प्राध्यापक म्हणून मी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात काही महिने राहिले. बरोबर एक बाड नेले होते: आईकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांचे मी केलेले इंग्रजी अनुवाद. तिथल्या निवांतपणात ते पुरे करावेत, असा मनसुबा होता. त्या अनुवादांतले वैगुण्य मात्र ग्रंथालयात नव्हे, तर न्यू हॅम्पशरमधील एका खेड्याच्या सभागृहात माझ्या ध्यानी आले.

तिथे शनिवारी रात्री ‘कॉन्ट्रा’ नाच चाले. नर्तकांच्या दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. पुकारा करणारा पुढची आकृती सांगतो. एक फेरी संपली की जोड्या रांगेत सरकतात आणि तोच नाच नव्या शेजाऱ्यांबरोबर पुन्हा सुरू होतो. १६५१ साली जॉन प्लेफर्डने लंडनमध्ये नाचांचे जे पुस्तक छापले, त्यात प्रत्येक नाचाला त्याची स्वतःची चाल होती. कॉन्ट्रात ते बंधन बरेचसे सुटले आहे. बहुतेक चाली ३२ ‘बारां’च्या, म्हणजे ६४ पावलांच्या, बहुतेक नाचही तेवढेच. एका चालीऐवजी दुसरी सहज चालते.

पण काही चाली या मापाबाहेरच्या असतात. ४८ बारांच्या चालीवर ६४ पावलांचा नाच धरला, तर दुसरी फेरी चालीच्या तिसऱ्या भागावर सुरू होते, तिसरी दुसऱ्या भागावर. नाचाच्या तीन फेऱ्या आणि चालीची दोन आवर्तने पुरी होतील तेव्हाच दोघांची गाठ पडते. तोवर पाय चुकत नाहीत, कान चुकतो: चाल उसळते तेव्हा नाच विसावलेला असतो. क्वेबेकच्या वाकड्या चालींत तर एखादी मात्रा कमी वा अधिक येते. तिथे पायही चुकतात.

मध्यंतरात मी पुकारा करणाऱ्या वृद्ध गृहस्थांना विचारले, ‘‘अशी चाल तुम्ही वादकांकडून कापून घेता का?’’ ते म्हणाले, ‘‘चाल कापायची नाही. तिच्या मापाचा नाच शोधायचा.’’ नंतर त्यांनी ‘मनी मस्क’ पुकारला. ही चाल अठराव्या शतकातील, स्कॉटलंडच्या डॅनिएल डाउची. न्यू हॅम्पशरच्या परंपरेत ती २४ बारांत वाजते आणि नाचही ४८ पावलांत बसतो. राल्फ पेज (१९०३–१९८५) यांच्यासारख्यांनी तो जपला. उजवा हात धरून दीड फेरा, एक जोडी ओलांडून खाली, तिघातिघांच्या ओळी पुढे, मग पाऊण फेरा: उसंत म्हणून नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत मी मागे पडले. सोळा पावले कुठेतरी राहून गेली, असे देहाला वाटत होते. तिसऱ्या फेरीत उमगले, की काहीही राहिलेले नाही.

रात्री खोलीवर बाड उघडले. आईच्या ओवीचा शेवटचा चरण आखूड असे. तेवढ्यात ती जात्याच्या खुंट्यावरचा हात बदलत असे. मी मात्र चारही ओळी समान केल्या होत्या. आखूड जागी ‘प्रेमळ’, ‘सुंदर’ अशा अर्थाची विशेषणे भरली होती, आणि त्यालाच अनुवादाची सफाई समजत होते. आई आता नाही. तिला विचारण्याची सोय उरली नाही. त्या रात्री नऊ ओव्यांतली विशेषणे मी खोडली. बाकीच्यांच्या मापाची इंग्रजी ओळ अजून शोधते आहे.