भीती मनगटात बसते

सोयाबीन उचललं जातं, दगड तिथंच राहतात. आमच्या येरमाळ्याकडं दसऱ्याच्या आगेमागे डांबरी रस्त्याची एक बाजू खळं होते. गाड्यांनी दाण्यावर येऊ नये म्हणून कडेनं दगडांची ओळ मांडतात. संध्याकाळी पोती भरून ट्रॅक्टर निघून जातो आणि ओळीतले दोन-चार दगड अंधारात उरतात. माझी मोटारसायकल अशाच एका दगडावर चढली. कॉलर बोन मोडलं, गुडघा सोलला, हेल्मेटला कानाजवळ तडा गेला. त्या संध्याकाळबद्दल एवढं पुरे. पडण्याची गोष्ट लोक चार-चारदा विचारतात. परत गाडीवर बसण्याची कुणी विचारत नाही.

मी गाई-म्हशी भरणारा. लोक ‘डॉक्टर’ म्हणतात, मीही आता नाही म्हणत नाही. गाडीच्या कॅरिअरला द्रव नायट्रोजनचं कंटेनर बांधलेलं असतं, आत उणे 196 अंशांत वीर्याच्या कांड्या. ते आडवं होऊन चालत नाही; नायट्रोजन उडून गेला की कांड्या वाया. वस्त्यांवर एसटी जात नाही, पावसाळ्यात चारचाकी रुतते. त्यामुळं ‘आता गाडी सोडा’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना माझ्याकडं उत्तर एकच होतं: मग खायचं काय?

हाड दीडेक महिन्यात धरलं. गाडीवर बसलो तर गाडी डावीकडं ओढायला लागली. मेकॅनिककडं नेली. त्यानं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पाहिलं, कोन सेट तपासला, हँडलखालची वाकलेली टी बदलली. पुढच्या आठवड्यात मी परत हजर. गाडी ओढतेच. त्यानं स्वतः कळंबच्या रस्त्यानं एक चक्कर मारली, येऊन स्टँड लावला आणि म्हणाला, “डॉक्टर, हँडल सरळ हाय. तुम्हीच आवळून धरताव.”

ते खरं होतं, आणि त्यामागं पक्कं यंत्रशास्त्र आहे. चालती मोटारसायकल डावीकडं वळवायची तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढं ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडं जातं, गाडी डावीकडं कलते आणि वळते. आपण सगळे हे नकळत करतो. विमानवाल्या राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं. त्यांतल्या विल्बरनं कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं, तुम्ही डावीकडं वळता कसे? नीट सांगणारा एकही भेटला नाही. जे हातांना कळतं आणि डोक्याला कळत नाही, ते भीतीपायी सगळ्यात आधी बिघडतं. कोपर ताठ झालं की ही बारीक ढकल होतच नाही. दुखऱ्या खांद्यामुळं माझा एक हात जास्त ताठ होता. खड्ड्यात चाक हललं की तो हादरा ताठ हातातून अंगात, अंगातून परत हँडलमध्ये जायचा. गाडी डुलायची, मी आणखी आवळायचो, ती आणखी डुलायची.

‘मनातली भीती काढून टाका’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. का काढू? 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. भीती खोटी नाही, फक्त चुकीच्या जागी बसलेली असते. मनगटात बसली तर गाडी पाडते, डोळ्यात बसली तर दगड दाखवते. तेव्हा तिला घालवायची नाही, वर सरकवायची, एवढं मी ठरवलं.

सुरुवात पकडीपासून केली. टाकी दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरायची, म्हणजे अंग पायांवर तोललं जातं आणि हात मोकळे राहतात. चालत्या गाडीवर अधूनमधून कोपर हलवून पाहायचं. हलत नसेल तर वेग कमी. मग नजर. आपण बघतो तिकडं गाडी जाते, हे प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत असतं. पडून उठलेल्या माणसाची नजर मात्र चाकापुढच्या चार हातांवर खिळते, आणि खड्डा चुकवायचा म्हणून त्याच्याकडंच बघत तो त्यातच जातो. ताशी 40 किलोमीटरनं गाडी सेकंदाला 11 मीटर पुढं सरकते. दगड दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलंच असतं. बघायचं ते त्याच्या पलीकडं.

पुढच्या ब्रेकबद्दल आमच्याकडं जुना समज आहे: दाबला की माणूस पालथा. गाडी थांबताना बरंचसं वजन पुढं येतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट चिकटतं. म्हणून थांबवण्याचं मुख्य काम त्याचंच. 1 एप्रिल 2019 नंतर विकलेल्या नव्या लहान गाड्यांत दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय आली, माझ्या जुन्या गाडीत ती नाही. चौपदरीकरणात बाजूला पडलेला जुन्या रस्त्याचा एक तुकडा मला सापडला. पहाटे तिथं कंटेनर उतरवून ठेवायचं आणि नुसतं थांबायला शिकायचं. आधी लिव्हरचा ढिलेपणा काढून घ्यायचा, वजन पुढं आलं की मग दाब वाढवायचा. एकदम आवळलं की चाक अडकतं. शेळ्या घेऊन जाणारी एक आजी रोज बघायची. एकदा तिनं विचारलंच, “लेकरा, गाडी चालूच करतुयास आन् थांबवतुयास, काय बिघडलंय?”

चैत्री पौर्णिमेला आमच्या येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची यात्रा भरली. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईत येते, लाखो लोक चुनखडी वेचतात. रस्त्यावर बैलगाड्या, जीपा, पायी बाया-माणसं. त्या गर्दीतून मला एका वस्तीवर जायचं होतं. पहिला गिअर, अर्धा क्लच, पायाचा ब्रेक किंचित दाबलेला, आणि माणसाच्या चालीनं तोल. या चालीत वेग मदतीला येत नाही. हँडल आवळलं की पाय टेकलाच. आमराई मागं पडली तेव्हा बोटं दुखत नव्हती. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच.

आता सगळं जमलं, असं वाटलं. मग येडशीच्या घाटात उतारावर ट्रक मागून आला आणि मनगटं पुन्हा दगड झाली. याचं कारण मला पुढं वाचनात मिळालं. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या पोराला खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला. शेवटी पोरगं सशाशी खेळू लागलं. ही पद्धत आजही चालते. पण नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते; आणि जागा बदलली की जुनी वर येते. म्हणजे कळंबच्या सपाट रस्त्यावर कमावलेला भरवसा घाटात चालत नाही. उजेडातला अंधारात चालत नाही, आणि मागं बायको बसली की एकट्याचा चालत नाही. प्रत्येक वेगळा कमवायचा. घाट मी आधी रिकाम्या गाडीनं चढलो, मग उतरलो, मग कंटेनर बांधून. घाट ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं उतरायचा, ही वडिलांची शिकवण तिथं कामाला आली.

रात्र राहिली. उसाचा हंगाम सुरू झाला की बिनदिव्याच्या ट्रॉल्या, आणि माझ्या गाडीचा दिवा कसला, मेणबत्ती. तो बदलला, तरी अंधारात जायचं की नाही हा हिशेब मी आता वेगळा करतो. आमच्या धंद्याचा जुना नियम आहे: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाईला रात्रीची घाई नसते, मालकाला असते. परवा तेरखेड्याकडून एकाचा फोन आला, आठ वाजून गेलेले.

“डॉक्टर, गाय माजावर आलीय, लगेच या.”

“कवापासून हाय?”

“आत्ता धार काढताना दिसलं.”

“मग सकाळी सातला येतो. आणि तुमच्या फाट्यापाशी सोयाबीनचे दगड पडलेत, तेवढे आज उचला.”