लंडन ते ब्रिस्टल : फादर स्टीफन्स यांच्या मुलखातील रस्ता

इंग्लंडात पाहण्याजोगे रस्ते पुष्कळ आहेत. परंतु मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला ज्याविषयी आपुलकी वाटावी असा रस्ता एकच आहे. लंडनच्या मध्यभागातून निघून तो सरळ पश्चिमेकडे जातो आणि सुमारे १३० मैलांनंतर ब्रिस्टलजवळ एव्हनमाउथच्या बंदरात समुद्राला भेटतो. सरकारी दप्तरात त्याचे नाव 'ए-४' असे रुक्ष आहे. लोक मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बाथ रस्ता' म्हणत आले आहेत. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे या रस्त्यापासून काही मैलांवरच्या एका खेड्यात जन्मले असे मानतात. वाचकांना आम्ही या रस्त्याने नेऊ इच्छितो, ते मुख्यतः याच कारणासाठी.

१९७१ साली लंडनहून वेल्सकडे जाणारा मोठा मोटारमार्ग पुरा झाला, तेव्हापासून घाईची वाहने तिकडून धावतात. त्यामुळे जुन्या रस्त्याला थोडी उसंत मिळाली आहे. एके काळी मात्र देशाची सारी लगबग याच रस्त्यावर होती. २ ऑगस्ट १७८४ रोजी दुपारी चार वाजता ब्रिस्टलहून टपालाची पहिली घोडागाडी निघाली, ती बाथवरून रातोरात दौडत दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लंडनला पोहोचली. सोळा तासांचा तो प्रवास त्या काळी नवलाचा वाटला आणि पुढे साऱ्या देशात टपालगाड्या सुरू झाल्या.

लंडन सोडण्यापूर्वीच रस्त्याच्या कडेला ब्रॉम्प्टन ऑरेटरीचे भव्य ख्रिस्तमंदिर लागते. १८८४ साली त्याचे पवित्रीकरण झाले आणि १९०३ साली वेस्टमिन्स्टरचे कॅथीड्रल उघडेपर्यंत लंडन शहरातील सर्वांत मोठे कॅथोलिक मंदिर तेच होते. त्याच्या बाहेर कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांचा पुतळा आहे. न्यूमन यांना २०१९ साली संतपद मिळाले. पुढे १९२५ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते खुला झालेला नवा रुंद भाग येतो, मग हीथ्रोचा विमानतळ येतो. भारतातून विमानाने जाणारा पुष्कळ प्रवासी प्रथम याच रस्त्याच्या काठी उतरतो. पण आपण कोणत्या रस्त्यावर उतरलो, हे त्याला कोणी सांगत नाही!

मेडनहेड येथे १७७७ सालच्या दगडी पुलावरून थेम्स नदी ओलांडली, की शहराची गर्दी मागे पडू लागते. या पुलावर १९०३ सालापर्यंत जकात द्यावी लागे. जवळच ब्रुनेल या विख्यात इंजिनियरने बांधलेला विटांचा रेल्वेपूल आहे. त्याच्या कमानी इतक्या पसरट, की तो उभा राहणार नाही असे पुष्कळांना वाटले होते. १८३९ सालापासून त्याच्यावरून आगगाड्या धावत आहेत.

यानंतर येते रेडिंग. येथे प्रत्येक कॅथोलिक यात्रेकरूने थोडे थांबावे. पहिल्या हेन्री राजाने ११२१ साली येथे एक मठ स्थापला आणि मृत्यूनंतर त्याचा देह त्याच मठाच्या मंदिरात ठेवला गेला. गोरगरीब, वाटसरू व यात्रेकरू यांचे आदरातिथ्य हा या मठाचा एक मुख्य धर्म होता. राजकन्या माटिल्डा हिने जर्मनीहून आणलेला संत याकोबाचा हात येथे अवशेष म्हणून पूजिला जाई आणि त्याच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येत. सुमारे चारशे वर्षे हे चालले. मग आठव्या हेन्रीने देशातील मठ मोडावयास काढले. रेडिंगचे शेवटचे मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून १४ नोव्हेंबर १५३९ रोजी त्यांना याच गावात देहदंड देण्यात आला. ख्रिस्तसभेने १८९५ साली त्यांना धन्य रक्तसाक्षी म्हणून गौरविले.

मठाच्या छपराचे शिसे गेले, घडीव दगड लोकांनी घरे बांधावयास नेले. आज उरल्या आहेत त्या गारगोटीच्या उंच, ओबडधोबड भिंती. परंतु वाचकहो, गोष्ट येथे संपत नाही. १७८६ साली मजूर खोदकाम करीत असता जुन्या भिंतीत एक वाळलेला हात सापडला. संत याकोबाचा म्हणून पूजिला जाणारा तो हाच हात, असे अनेकांनी मानले. आज तो मार्लो गावच्या संत पेत्राच्या कॅथोलिक मंदिरात आहे. शिवाय मठाच्या अवशेषांना लागूनच १८४० साली एक कॅथोलिक मंदिर उभे राहिले आणि त्याला नाव दिले गेले ते संत याकोबाचेच. जेथून विश्वास उपटून टाकला, तेथेच तो तीनशे वर्षांनी पुन्हा रुजला.

रेडिंगपासून रस्ता केनेट नदीची सोबत धरतो. हिरवीगार कुरणे, काठावर झुकलेले वाळुंज, संथ कालवा आणि मधून मधून विटांची तांबडी गावे अशी ही वाट आहे. न्यूबरी हे जुने कापडाचे पेठेचे गाव. त्याच्या आसपास १६४३ व १६४४ साली राजा व पार्लमेंट यांच्या सैन्यांत दोन लढाया झाल्या. त्यापुढचे हंगरफर्ड लहान असले तरी तेथील एक रीत सांगण्यासारखी आहे. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी फुलांनी सजविलेल्या उंच काठ्या घेऊन दोन मानकरी गावातून घरोघर फिरतात आणि संत्री वाटतात. जुन्या कॅथोलिक इंग्लंडातील हा सण इतरत्र जवळजवळ नाहीसा झाला, तो येथे टिकून आहे. धर्माचे मूळ विसरले तरी सणाची सावली कशी मागे राहते, याचे हे उदाहरण होय.

हंगरफर्डनंतर रस्ता विल्टशर परगण्यात शिरतो आणि सॅव्हरनेकच्या पुरातन ओक वृक्षांच्या रानाच्या कडेने मार्लबरोला उतरतो. येथील बाजाराचा रस्ता इतका रुंद आहे की त्यात आपल्याकडचा एखादा आठवड्याचा बाजार सहज मावेल. गाव ओलांडले की सारा देखावा पालटतो. झाडी संपते, खडूच्या पांढऱ्या मातीवर गवताचे उघडे माळ पसरतात आणि ठिकठिकाणी करडे पाषाण विखुरलेले दिसतात. दुरून ते बसलेल्या मेंढ्यांसारखे भासतात आणि तेथील लोक त्यांना त्याच अर्थाचे नाव देतात.

मग अगदी रस्त्याला खेटून सिल्बरीची टेकडी उभी राहते. ही टेकडी निसर्गाने केलेली नाही. ख्रिस्तपूर्व सुमारे २४०० च्या सुमारास माणसांनी टोपल्यांनी माती वाहून ती रचली. उंची शंभर फुटांहून अधिक! रोमन लोकांनी रस्ता आखला, तेव्हा त्यांनाही तिला वळसा घालावा लागला. ती कशासाठी रचली, हे कोणालाच उलगडलेले नाही. उत्तरेला एव्हबरी येथे प्रचंड उभ्या शिळांचे वर्तुळ आहे, त्याच्या आत गावाचा काही भाग वसला आहे, आणि जवळच संत याकोबाच्याच नावाचे जुने ख्रिस्तमंदिर आहे. देवाला शोधणारी मानवाची धडपड किती जुनी आहे, याचा विचार येथे आपोआप मनात येतो.

याच एव्हबरीच्या उत्तरेस काही मैलांवर बुश्टन नावाचे खेडे आहे. शेते, कुंपणे, थोडी घरे, एवढाच त्याचा पसारा. फादर स्टीफन्स १५४९ च्या सुमारास येथे जन्मले असे मानतात. त्यांचा जन्म झाला तेव्हा रेडिंगच्या मठाधिपतींच्या बलिदानाला केवळ दहा वर्षे झाली होती. ते वयात आले ते एलिझाबेथ राणीच्या राज्यात, जेव्हा मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा होता. थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाण्याचा त्यांनी बेत केला. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटले आणि १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून सुटले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. मायभूमी त्यांना पुन्हा कधीच दिसली नाही.

गोव्यात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे, मुख्यतः साष्टी प्रांतात, सेवा केली आणि १६१९ साली तेथेच देह ठेवला. आपल्या लोकांची भाषा त्यांनी नुसती कामापुरती शिकली नाही. १५८३ साली भावाला धाडलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य नमूद केले आहे. आपले लोक पुराणे ओवीत ऐकतात हे पाहून त्यांनी तारणाचा सारा इतिहास ओवीतच गुंफला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापून निघाला आणि त्याच शतकात आणखी दोनदा छापला गेला. विल्टशरच्या या माळावर वाढलेल्या माणसाने मराठीची थोरवी गावी, ही केवढी नवलाची गोष्ट!

या कथेला आपल्या काळात एक पुरवणी जोडली गेली आहे. बुश्टनपासून थोड्याच अंतरावर स्विंडन हे एके काळी रेल्वेच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. आज तेथे गोव्याहून आलेली हजारो माणसे राहतात. १९६१ सालापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. त्या आधारे, ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर, पुष्कळ कुटुंबे तेथे कामाला गेली. गुदामांत व कारखान्यांत ती रात्रपाळ्या करतात आणि रविवारी तेथील कॅथोलिक मंदिरांची बाके भरतात. जेथून विश्वासासाठी एक तरुण हद्दपार झाल्यासारखा निघाला, त्याच मुलखात त्याच्या धर्मलेकरांच्या वंशजांनी आज मिस्सा गजबजून टाकावी, ही ईश्वरी योजना नव्हे तर काय?

पण येथेच आम्हाला एक प्रश्न अस्वस्थ करतो. मागे राहिलेल्या घरांना कुलपे आहेत, अथवा त्यांत म्हातारे आईबाप एकटे आहेत. परदेशी वाढणारी नातवंडे आजीशी कोणत्या भाषेत बोलणार? परक्या माणसाने आपली भाषा शिकून ती श्रीमंत केली आणि आपण ती स्वतःच्या घरात विसरावी काय? आणि केवळ परदेशी गेलेल्यांनाच दोष का द्यावा? गावात राहणाऱ्या आपल्यापैकी किती घरांत 'ख्रिस्तपुराण' उघडले जाते?

असो. पुढील वाट थोडक्यात सांगतो. चेरहिलच्या उतारावर १७८० साली गवत खरवडून खडूत कोरलेला पांढरा घोडा दिसतो. काल्न येथे संत एडमंड यांचे वास्तव्य होते. तेथूनच १२३३ साली त्यांची कँटरबरीच्या महागुरुपदी निवड झाली. बाथ येथे जमिनीतून कढत पाणी उसळते. रोमन लोकांनी त्यावर स्नानगृहे बांधली आणि ९७३ साली संत डन्स्टन यांनी एडगर राजाला त्याच गावात राज्याभिषेक केला. ब्रिस्टलमध्ये शिरताना रस्त्यालगतच्या आर्नोस व्हेल दफनभूमीत भारतीय धर्तीची एक छत्री दिसते. ती राजा राममोहन रॉय यांची समाधी होय. १८३३ साली ते या शहराच्या परिसरात वारले. प्रभू येशूच्या नीतिवचनांचा संग्रह त्यांनी १८२० साली प्रसिद्ध केला होता.

तेथून एव्हनमाउथ आणि समुद्र. याच खाडीतून एके काळी इंग्लंडचे यात्रेकरू संत याकोबाच्या समाधीच्या दर्शनासाठी जहाजाने स्पेनकडे जात.

राजांनी मठ मोडले, पण विश्वास मोडला नाही. तो एका तरुणाच्या काळजात बसून आपल्या दारापर्यंत आला आणि आपल्या भाषेत बोलला. त्याचे ऋण फेडावयास विल्टशरला जाण्याची गरज नाही. येत्या उपवासकाळात रात्रीच्या जपमाळेनंतर 'ख्रिस्तपुराणा'च्या थोड्या ओव्या घरातील थोरांनी मोठ्याने म्हणाव्यात व मुलांनी ऐकाव्यात. परदेशी गेलेल्या लेकरांनाही त्या दूरध्वनीवरून ऐकवाव्यात. ज्या मातीत तो कवी जन्मला, तेथे त्याचे शब्द आपल्या मुलांच्या तोंडून पोहोचावेत, हीच प्रभूचरणी आमची प्रार्थना.