एका शिलिंगचा सापळा

आमच्या बडोद्याच्या घरी ओसरीवर रंगणाऱ्या बुद्धिबळात घड्याळाला स्थान नव्हते. वडील एकेका चालीसाठी अख्खी सुपारी कातरून होईपर्यंत वेळ घेत, आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नसे. त्याच पटावर शिकलेले आम्ही निवृत्तीनंतर संगणकावर एक मिनिटाचे डाव खेळू लागलो. प्रत्येकाला संपूर्ण डावासाठी साठ सेकंद. विचाराला सवड नाही, म्हणून आम्ही सापळे पाठ केले.

त्यांतला आमचा लाडका सापळा ब्लॅकबर्न या इंग्रज खेळाडूच्या नावाशी आणि एका शिलिंगच्या पैजेशी जोडला जातो. पांढऱ्याने तिसऱ्या चालीला उंट सी-४ वर काढला, की काळ्याने आपला घोडा डी-४ वर न्यायचा आणि राजापुढचे प्यादे उघडे टाकायचे. पांढरा घोडा ते प्यादे मारतो. काळा वजीर जी-५ वर येतो. वजीर आणि हत्ती एकदम कचाट्यात धरण्याच्या मोहाने पांढरा घोडा एफ-७ वर झेप घेतो. मग वजीर जी-२ चे प्यादे मारतो, हत्ती बाजूला सरकतो, वजीर ई-४ वरून शह देतो, उंट आड येतो आणि काळा घोडा एफ-३ वरून मात करतो. राजा आपल्याच माणसांत कोंडलेला असतो!

वस्तुतः सापळा कच्चा आहे. पांढऱ्याने चौथ्या चालीला मुकाट्याने घोड्याने घोडा मारला, तर काळ्याच्या दोन चाली फुकट जातात. हे दिसायला दहा सेकंद पुरेत. परंतु साठांतले दहा खर्चण्याची कोणाची छाती होत नाही. आमच्या चाली मात्र पाठ असल्याने आम्हांला एकही सेकंद लागत नसे. गुणांकन वाढत गेले आणि आम्ही सुखावलो.

गेल्या दिवाळीत नातू आला. म्हणाला, "आजोबा, पटावर खेळू या. घड्याळ नको." तिसऱ्या चालीला आमचा घोडा आपसूक डी-४ वर गेला. तो बराच वेळ पाहत राहिला, मग त्याने शांतपणे घोडा मारला. पुढची चाल आता स्वतः शोधायची होती, आणि ती काही केल्या सुचेना. डाव हरलो. सोंगट्या आवरताना तो म्हणाला, "समोरच्यानं ही चाल का केली, हे आधी विचारायचं, असं तुम्हीच शिकवलं होतंत ना?"

वाक्य आमच्या वडिलांचे होते. आमच्या हातून ते नातवापर्यंत पोचले, आणि मधल्या मध्ये आम्हीच विसरलो.

मिनिटाचे डाव अजून पुरते सुटलेले नाहीत. मात्र दर रविवारी नातवाचा फोन येतो; एक चाल तो सांगतो, एक आम्ही. पट आठवडाभर ओसरीवर तसाच मांडलेला असतो. येत्या रविवारी आमची अकरावी चाल सांगायची आहे. अद्याप सापडलेली नाही.