स्कॅनरराव, आमचा बेदाणा ओळखाल का?

न्हावाशेवा बंदरातले आणि विमानतळांवरचे सीमाशुल्क खात्याचे स्कॅनरराव यांस,
विट्याकडच्या एका माणसाचा नमस्कार.

तुमच्या नजरेबद्दल तक्रार नाही. दोन वेगळ्या ताकदीचे एक्स-रे सोडायचे, कुठला किती अडला ते मोजायचं आणि पडद्यावर रंग भरायचे. कपडा, खाऊ नारिंगी, लोखंड निळं. लोखंडाचा अणुक्रमांक 26, सोन्याचा 79, त्यामुळे झळाळतं सोनं तुमच्यापुढे काळंकुट्ट पडतं. बंदरात तर चाळीस फुटी कंटेनर सील न तोडता आरपार बघता. माणसावर मात्र कायद्याने तुम्हाला वेसण घातली आहे. पोटात दडवलेलं सोनं शोधायला एक्स-रे काढायचा, तर संशयिताने स्वतः कबूल होऊन तयारी दाखवावी लागते, नाहीतर 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 103 प्रमाणे मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. ते बरंच आहे.

आमचा आणि सोन्याचा संबंध पोटाचा. सांगलीतले खानापूर-आटपाडी आणि साताऱ्यातले माण-खटाव हे दुष्काळी तालुके. इथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगली. मूस, भट्टी आणि टंच काढण्याचं कसब एवढ्या भांडवलावर परक्या मुलखातल्या सराफकट्ट्यांत त्यांनी पत मिळवली. सराफ विश्वासाने सोनं हातात देतो, म्हणून हा धंदा चालतो.

म्हणूनच 28 ऑगस्ट 2020 ची बातमी इकडे जिव्हारी लागली. दिब्रुगडहून आलेल्या राजधानी एक्स्प्रेसने नवी दिल्ली स्टेशनात उतरलेल्या आठ जणांना महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, पकडलं. अंगात खास शिवून घेतलेली जाकिटं होती आणि त्यांत 504 सोन्याच्या लगडी, 83.6 किलो. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार माल म्यानमारच्या सीमेवरून मणिपूरमार्गे आलेला. प्रकरण दहशतवादी गुन्हे तपासणाऱ्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे, गेलं आणि जानेवारी 2021 मध्ये झडत्या झाल्या त्या आमच्या सांगली जिल्ह्यात. पुढे जून 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या प्रकरणातल्या नऊ आरोपींना जामीन दिला. देशाच्या आर्थिक सुरक्षेला धोका पोहोचवण्याशी संबंध नसेल, तर नुसती सोन्याची तस्करी हे दहशतवादी कृत्य ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. मला ते पटतं. तस्करीला तस्करी म्हणा, तेवढी शिक्षा पुरेशी आहे.

पण बघा, एवढं घबाड सापडलं ते आगगाडीच्या वाटेवर. माल सीमेच्या आडवाटेने आत आला, तिथे तुम्ही नव्हता. आणि ही वाट पाडली कुणी? तेव्हा सोन्यावर साडेबारा टक्के आयात शुल्क होतं. किलोमागे पाच लाखांहून अधिक फरक. जुलै 2022 मध्ये ते पंधरा टक्के झालं. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने एकदम सहावर आणलं आणि तस्कराचा नफाच आटवला. हे काम तुमच्या शंभर भावंडांना जमलं नसतं, रागावू नका.

आता बेदाण्याचं. तासगाव-सांगलीच्या शेतकऱ्यांची 2025 मध्ये ओरड होती, की चिनी बेदाणा दुसऱ्याच देशाच्या नावाने, शुल्क चुकवून देशात येतो आणि आमचे दर पाडतो. अफगाणी मालाला दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या साफ्टा करारामुळे शुल्कात सवलत आहे, चिनी मालाला नाही. सगळा खेळ मूळ देशाच्या दाखल्याचा. आणि इथे तुमचे रंग काही कामाचे नाहीत. चिनी असो, अफगाणी असो की तासगावचा, बेदाणा तुम्हाला सारखाच नारिंगी दिसणार. बेदाण्याच्या पेटीत सिगारेट लपवल्या तर तुम्ही हेराल. बेदाण्याच्या नावाखाली बेदाणाच आणला तर काय हेराल?

तेव्हा तुमच्या साहेबांना एवढं सांगा. पडद्यावर चित्र स्वच्छ दिसलं म्हणून बेदाण्याचा कंटेनर सोडू नका. संशय असेल तर उघडा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा, मूळ देशाचा दाखला ज्याने दिला त्याच्याकडून पडताळून घ्या, आणि हे सगळं आमचा नवा माल बाजारात यायच्या आत करा.

आणि आमच्या पोरांनो, हे पत्र तुमच्याही हाती पडलं तर ऐका. कुणी पगाराशिवाय वरचे पैसे देतो म्हणून जाकीट घालायला दिलं, तर घालू नका. एक कोटीवरच्या मालाला कलम 135 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती आधी जाकीट घालणाऱ्याच्या वाट्याला येते.