आमच्या घरची साखर



माझा पेशा सल्ला देण्याचा. बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो, त्याला तीस वर्षे होत आली. आर्वीच्या आसपास कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बांधांवर उभे राहून मी इतके सल्ले पेरले आहेत की, त्यातले निम्मे जरी उगवले असते तरी तालुक्यात पाय ठेवायला जागा उरली नसती. आज मात्र सल्ला घेऊन आलेलो नाही. आमच्याच घरी घडले ते सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हा पाहुणा आलेला असेल. नसेल तर शेजारी तरी नक्की असेल.

पाहुणा म्हणजे मधुमेह. आपल्याकडे त्याला नुसते 'शुगर' म्हणतात.

आमच्या सौ.ला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, काय खावे, किती चालावे, ते सांगितले. पाच-सात मिनिटांत सगळे झाले, कारण बाहेर रांग होती. मी चिठ्ठी खिशात घातली आणि माझ्यापुरता विषय संपवला. गोळ्या तिच्या, पथ्य तिचे. माझा चहा दोन चमचे साखरेचाच राहिला आणि रात्री वरण-भातावर तुपाची धारही राहिली. ती बिचारी दोन्ही प्रकारचे रांधत होती आणि दमल्यावर माझ्याच ताटातले खात होती.

तीन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. सौ. निरंकार उपास करते. सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली आणि पोटात काही नाही. दुपारी बाराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि ती माझ्यावर भलत्याच गोष्टीवरून चिडून बोलू लागली. बोलण्याला ताळमेळ नव्हता. मला वाटले, पित्त झाले असेल, नाहीतर रक्तदाब. मी पंख्याखाली निजवले आणि गाडीसाठी फोन लावत बसलो. कपाशीच्या पानावरचा ठिपका पाहून रोग सांगणारा हा माणूस, स्वतःच्या बायकोकडे पाहून काही सांगू शकला नाही.

नेमक्या तेव्हा शेजारच्या काकू सूप मागायला आल्या. दारातूनच पाहून म्हणाल्या, "भाऊ, गोळी घेतली होती काय हिनं? अन् पोटात काई नाई? मग साखर उतरली तिची. आमच्या घरी दोनदा झालं असं." डबा कुठे आहे ते न विचारता त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवली, सौ.ला बसते केले आणि घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत सौ. डोळे स्वच्छ करून "काय झालं?" म्हणाली. काकू तिला सोडून हलल्या नाहीत. "आता भाकर खाऊ घाला. उपास मोडला तं मोडला, पांडुरंग काई रागावत नाई," असे म्हणून सूप घेऊन गेल्या.

इथे एक सांगून ठेवतो. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच असे पाजायचे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. काकू सातवी शिकलेल्या. मला जे ठाऊक नव्हते ते त्यांना ठाऊक होते, कारण त्यांच्या घरात हा आजार बारा वर्षे नांदत होता. 'गोळी घेऊन उपाशी राहू नका' हे डॉक्टरांनी आम्हाला बहुधा सांगितलेही असेल. आम्ही ऐकले नसेल. एकदा सांगितलेले माणूस कितपत ऐकतो, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार?

तुम्ही शेतीशाळा पाहिली असेल. शेतीशाळेची पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या शेतकऱ्यांपासून सुरू झाली आणि पुढे आपल्या कपाशीपर्यंत आली. तिच्यात साहेब भाषण करत नाही. शेतकरीच शेतात उतरून किडी मोजतात, एकमेकांना दाखवतात आणि मग फवारायचे की नाही ते ठरवतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्याला रडवले, त्यानंतर कामगंध सापळ्यांविषयी मी घसा कोरडा करून सांगत होतो. पण लोकांनी सापळे लावले ते शेजाऱ्याच्या शेतातले पतंग मोजून पाहिल्यावरच. हे ठाऊक असून, घरच्या आजाराला हीच रीत लागू पडेल असे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी काकू आणि काका आमच्या ओसरीवर येऊन बसले. मग काका आपल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला घेऊन आले. त्यांच्या एका पायाची दोन बोटे कापलेली. मग जवळच्या खेड्यातले एक तरुण जोडपे आले, त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन लागते. असे करता करता सात घरे झाली. महिन्यातून एकदा बसतो. ना अध्यक्ष, ना वर्गणी. आपल्या भागात सायंप्रार्थनेला एकत्र बसायची सवय जुनी आहे, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही. अट एकच: आजारी माणसाबरोबर घरातले आणखी एक कोणी आलेच पाहिजे. ही अट सौ.ने घातली, आणि घालताना माझ्याकडे पाहून घातली.

तिथे काय बोलतात? तेरवीच्या पंगतीत वाढपी आग्रह करत पुढ्यात उभा राहिला तर काय करायचे. पाहुणचाराचा चहा नाकारला तर लोकांना राग येतो, तेव्हा 'अर्धा कप, बिनसाखरेचा' हे आधीच कसे सांगून ठेवायचे. एका बाईंनी दिवसभराच्या चहाचा हिशेब मांडला. सात कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चौदा चमचे साखर. आणि घरातले म्हणतात, 'ती तं गोड खातच नाई!' ज्वारीची भाकर चांगली खरी, पण चार भाकरी खाल्ल्या तर साखर चढायची ती चढतेच. गूळ 'चालतो' हा तर मोठाच गैरसमज. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांचे रडगाणे आमच्या उलट: त्यांची साखर खाली जात नाही, वर चढते.

मुलाच्या आईकडून मी जे शिकलो, त्याची मला अजून लाज वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसते कपाट. या बाईंनी एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवले, मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि वापरात असलेली इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आत ठेवली. न उघडलेल्या बाटल्या गावातल्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये असतात, पण बर्फाच्या खणात नाही. गोठलेले इन्सुलिन वाया जाते. वाचकहो, विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष मी स्वतः कितीतरी गावांत भाजीपाल्यासाठी बांधून दाखवला आहे!

याच मुलावरून एकदा बैठक तापली. त्याची आजी आली होती. कोणीतरी फिरत्या विक्रेत्याने तिला पुडी दिली होती: महिनाभर घ्या, सुया बंद करा. "एवढ्याशा पोराले जनमभर टोचायचं काय?" असे म्हणून ती रडू लागली. माझ्या जिभेवर भाषण तयार होते. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही; ते उपलब्ध नव्हते तेव्हा अशी मुले फार दिवस जगत नसत; जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा ते टोचले आणि तो मरणाच्या दारातून परत आला. हे सगळे खरे आहे. पण मी तोंड उघडण्याआधी त्या म्हाताऱ्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला. "माय, मी बी पुडी घेतली होती. सहा महिने गोळ्या बंद. पऱ्हाटीचं धसकट पायात घुसलं, मले समजलंच नाई. हे पाय." आजीने त्या पायाकडे बराच वेळ पाहिले. पुडी कंबरेच्या पिशवीतून काढली आणि सुनेच्या हातात दिली. मुलाची सुई एक दिवसही चुकली नाही. माझे टोरांटो माझ्यापाशीच राहिले.

सुन्न पायाला कसे जपावे, हे खरे तर आपल्या जिल्ह्याला नवे नाही. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते, तशी जुन्या मधुमेहातही जाते. कुष्ठरोग्यांच्या पायांना जखम होऊ नये म्हणून मऊ एम.सी.आर. रबराच्या चपला वापरात आल्या, त्याच आता मधुमेहींनाही देतात. आमच्या म्हाताऱ्यांनी तशी चप्पल घेतली आहे आणि अनवाणी वखरामागे जाणे सोडले आहे.

त्यांनीच एकदा विचारले, "साहेब, हा तं बसून खाणाऱ्याचा रोग. मी जनमभर राबलो, मले कसा?" पुष्कळांना हा प्रश्न पडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या दर शंभर प्रौढांत जवळजवळ नऊ जणांना मधुमेह आढळला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळे विलायती बाळांपेक्षा वजनाने हलकी, पण त्यांच्या मानाने अंगात चरबी अधिक, असे त्यांना दिसले. म्हणजे हडकुळ्या माणसातही या आजाराचे बी आईच्या पोटापासून असू शकते. हे ऐकून म्हातारे म्हणाले, "म्हणजे माहा दोष नाई." त्यांना इतकेच हवे होते.

ओसरीवरच्या बैठकीने सगळे साधते, असे मात्र समजू नका. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात गावकऱ्यांमधूनच पुढारी निवडून असे गट चालवले. ते धोका असलेल्यांसाठी होते, आणि त्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह होण्याचे प्रमाण ठामपणे घटले असे म्हणता आले नाही. दारू कमी झाली, फळे-भाज्या खाणे वाढले. मला तेही थोडके वाटत नाही. आमच्याकडेही चूक झाली. एकाने आपल्या गोळ्या संपल्या म्हणून दुसऱ्याच्या घेतल्या आणि दिवसभर चक्कर येऊन पडला. एका शेताची औषधाची मात्रा दुसऱ्या शेताला कोणी लावतो का? तेव्हापासून ठरले: अनुभव वाटायचा, गोळी वाटायची नाही. मात्रा डॉक्टरच ठरवतील. सरकारी दवाखान्यात नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या आल्या आहेत की नाहीत याची खबर तेवढी आम्ही एकमेकांना देतो.

सौ.ची तीन महिन्यांची सरासरी साखर आता साडेनऊवरून साडेसातवर आली आहे. एकादशीला ती फळे, दाणे आणि ताक घेते, आणि त्या दिवशीची गोळी कशी घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारून ठेवते. माझा चहा बिनसाखरेचा झाला. पहिले पंधरा दिवस काढ्यासारखा लागला.

आणि रोज रात्री निजण्याआधी मी तिचे तळवे दिव्याखाली धरून पाहतो: भेग, फोड, काटा काही आहे का. पहिल्या दिवशी तिने पाय ओढून घेतले होते. नवऱ्याने पायाला हात लावायचा म्हणजे काय! आता दिवसभर काम करून ती बाजेवर बसते, पाय पुढे करते आणि म्हणते, "घ्या, करा तुमची पीक पाहणी."