घोरण्याची दंतकथा

मुलींनी घोरायचं नसतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दिवेआगरच्या ट्रिपला माझं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड झालं आणि सकाळी पोह्यांबरोबर सगळ्यांना ऐकवलं गेलं, तेव्हा तो मला नीटच कळला. आवाज असा, की वखारीत लाकडं कापतायत. सगळे हसले, मीही हसले. पुढचे नऊ महिने कुणाकडे रात्री राहायला गेले नाही. बाहेरगावी रूम शेअर करावी लागणार असेल तर चक्क काम सोडलं. फ्रीलान्सरनं काम सोडणं म्हणजे काय, ते दर महिन्याला भाडं भरणाऱ्यांनाच कळेल.

उपाय सगळे झाले. कुशीवर झोपले, नाकाला पट्ट्या लावल्या, तीन किलो वजन उतरवलं. ईएनटीवाल्यांनी नाक मोकळं असल्याचं सांगितलं. उत्तर मिळालं ते भलत्याच खुर्चीत. दाढेचा तुकडा पडला म्हणून डेंटिस्टकडे गेले, तर तिनं तोंडात आरसा घालून विचारलं, ‘घोरतेस का गं?’ तोंडात आरसा असताना लाजतासुद्धा येत नाही, राव!

तिला दिसलं ते असं : दाढा झिजलेल्या, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, टाळू अरुंद आणि खालचा जबडा मागे. म्हणजे बिऱ्हाड मोठं, खोली लहान. झोपेत स्नायू सैलावतात, जागा नसलेली जीभ मागे घशाकडे सरकते, श्वासाची वाट चिंचोळी होते. त्यातून हवा घुसताना मऊ टाळू आणि पडजीभ फडफडते. तोच तो वखारीचा आवाज. आणि झिजलेल्या दाढा? मी झोपेत दात खायचे, तर आजी पोटातल्या जंतांवर खापर फोडायची. त्याचा अडलेल्या श्वासाशी संबंध असू शकतो, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

सातवीत मला जबडा पुढे आणायची प्लेट सांगितली होती. वाढत्या वयात ती चांगली लागू पडते. पण स्कॉलरशिपचं वर्ष होतं, आणि ‘दिसायला ठीक आहे की’ म्हणून राहून गेलं. दात फक्त दिसण्यासाठी असतात, असा आपल्याकडे समज आहेच.

डेंटिस्टनं लगेच काही बनवून दिलं नाही. आधी स्लीप टेस्ट कर म्हणाली. झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, ते त्यात मोजतात. पाचच्या खाली नॉर्मल, तिसाच्या वर गंभीर. माझा आकडा नऊ. मग वरच्या-खालच्या दातांवर बसणारी, खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवणारी प्लेट मिळाली. पहिला आठवडा उशी ओली आणि जबडा ठणकतोय. सकाळी चहा होईस्तोवर दातावर दात बसेना. पण वखार बंद!

रिपोर्ट वाचताना मात्र बाबा आठवले. ही मागे गेलेली हनुवटी त्यांचीच. त्यांच्या मागच्या बहुतेक दाढा काढल्यात आणि ‘पुढच्यांनी चावतो की’ म्हणत त्यांनी कवळी टाळली. दाढांचा आधार गेला की जबडा जास्त मिटतो, काहींच्या बाबतीत जिभेची जागा आणखी आक्रसते. बाबा जोरात घोरतात आणि मधेच एकदम शांत होतात. ती शांतता आली की आई म्हणायची, ‘लागली बाई एकदाची गाढ झोप.’ आम्हीही सुटकेचा नि:श्वास टाकून कूस बदलायचो. त्यांचा श्वास तेव्हा थांबलेला असायचा.

त्यांचा आकडा आला ४१. माझ्यासारखी प्लेट धरून ठेवायला तोंडात पुरेसे दातच नव्हते. शेवटी मास्कवालं सीपॅप मशीन आलं. ‘फायटर पायलट दिसतोय का?’ हा त्यांचा जोक आम्ही रोज ऐकतो.

परवा डोंबिवलीला राहायला गेले होते. रात्री दोनला जाग आली. पडल्या पडल्या कान देऊन ऐकत राहिले. मशीनचा बारीक आवाज येत होता, सलग. मधे कुठेच शांतता नव्हती.